मांडवाला किती किलो फुलं लागतात?

भाचीच्या लग्नाच्या सजावटीचं कोटेशन आलं तेव्हा आम्ही सगळे ताईच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलो होतो. ८५ हजार रुपये. खाली पाच ओळी: फ्लोरल स्टेज, एन्ट्री गेट, पाथवे, सेल्फी पॉइंट आणि इतर. भावजींनी कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. ताईनं एकच प्रश्न विचारला, "यात फुलं किती आहेत?" त्या कागदात त्याचं उत्तर नव्हतं. डेकोरेटरला फोन लावला, तर त्यालाही ते किलोत सांगता येईना. "मॅडम, मिक्समध्ये असतं सगळं," एवढंच तो म्हणाला.

शेवटी आम्ही ते काम २१ हजारांत उरकलं. त्यात ताज्या फुलांचे, हारांचे आणि गजऱ्यांचे मिळून नऊ हजारसुद्धा झाले नाहीत. त्यानंतर नात्यात आणि सोसायटीत मिळून चार लग्नांची फुलं मी पाहिली. दोनदा चुकले, त्यातून बरंच शिकले. ज्यांच्या घरी येत्या मोसमात कार्य आहे आणि हात आखडून खर्च करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फुलांचे भाव रोज बदलतात, म्हणून पुढे रुपये कमी आणि किलो जास्त सापडतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. सजावटीच्या बिलात फुलं हा महाग भाग नसतो. महाग असतो तो लोखंडी सांगाडा, त्याच्यावरचं कापड, टेम्पोच्या दोन फेऱ्या, आधीचं कार्य रात्री अकराला संपल्यावर पहाटेपर्यंत राबणारी चार-पाच माणसं आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं उतरवण्याची मजुरी. ती माणसं रात्रभर शिडीवर असतात, त्यांचे पैसे कापायला मी सांगणार नाही. पण खर्च आटोक्यात आणायचा तर फुलं कमी करून फार काही हाती लागत नाही, हे लक्षात घ्या. सांगाडा लहान करा, फेऱ्या वाचवा आणि रात्रीचं काम शक्य असेल तर दिवसा आणा. आमचे पैसे तिथे वाचले.

आधी कार्यालयाच्या मॅनेजरला भेटा

फुलवाल्याच्या आधी मॅनेजर. बऱ्याच कार्यालयांचा डेकोरेटर ठरलेला असतो, बाहेरचा आणला तर वेगळी रक्कम भरावी लागते. ही अट हॉल बुक करताना कुणी आपणहून सांगत नाही. ॲडव्हान्स देण्याआधी विचारा, आणि "घरच्या माणसांनी फुलं लावली तर चालेल का?" हेही स्पष्ट विचारा. बहुतेक ठिकाणी चालतं. भिंतीला खिळे आणि चिकटपट्टी मात्र चालत नाही. स्टेजच्या मागे आडवा पाइप किंवा हुक आहेत का, शिडी मिळेल का, समया, चौरंग, पाट कार्यालयाचे आहेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या आणि स्टेजची लांबी-उंची टेपनं मोजून घ्या. मोबाइलवर फोटो काढून अंदाज बांधू नका, फोटोत तीस फुटांचं स्टेज पंधराचं दिसतं.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. आपल्या आदल्या संध्याकाळी तिथे कुणाचं कार्य आहे? आमच्या आदल्या दिवशी रिसेप्शन होतं. मॅनेजरकडून नंबर घेऊन भावजींनी त्या घरच्यांशी बोलणं केलं. त्यांची कमान आणि मागचे पडदे रात्री उतरवायचे नाहीत, आम्ही त्यातला तिसरा हिस्सा द्यायचा, डेकोरेटरनं माणसं रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवायची. डेकोरेटरची एक फेरी वाचली, आमचा सांगाड्याचा खर्च वाचला आणि त्या कुटुंबालाही काही पैसे परत मिळाले. हे सुचायला कुणी हुशार लागत नाही, पण फोन करायला लाज वाटते एवढंच. त्यांच्या कमानीचा रंग जांभळा होता. आमच्या झेंडूशेजारी तो इतका खुलला की लोकांना वाटलं, आम्ही ठरवून केलंय.

फुलं माणसांना, भिंतीला नाही

माझं मत सरळ आहे: फुलं आधी माणसांच्या अंगावर जावीत, मग दारावर, आणि उरली तर स्टेजवर. आज उलटं चाललंय. स्टेजवर हजारो गुलाब आणि करवलीच्या डोक्यात प्लास्टिकची वेणी! पाहुण्याला फुलं आठवतात ती त्याच्या हाताशी, नाकाशी आलेली. दारात शिरताना मिळालेला गजरा बायका रात्री झोपेपर्यंत काढत नाहीत. स्टेजवरच्या मागच्या फुलांकडे त्या जेवणाच्या रांगेतून एकदा बघतात.

म्हणून हार, मुंडावळ्या, नवरीची वेणी आणि बायकांचे गजरे यांत कसर करू नका. वरमाला घरी करायच्या भानगडीतही पडू नका. चांगला हार बांधणं हे हातात बसलेलं कसब आहे, तो फुलवाल्याकडूनच करून घ्या. पण त्याला "मोठा, भरगच्च" असं सांगू नका. गुलाबाच्या पाकळ्यांचा गच्च हार दोन-अडीच तास गळ्यात वागवणं म्हणजे शिक्षा आहे, आणि शालूवर त्याचे डाग पडतात. निशिगंधाचा एकेरी किंवा दुहेरी हार, मध्ये थोडे गुलाब आणि खाली एक गोंडा, यानं काम होतं. फोटोत चेहरा दिसतो, हार चेहऱ्यावर चढत नाही.

गजऱ्यांचं गणित असं. मोगऱ्याच्या एका किलोत मध्यम आकाराचे तीस-चाळीस गजरे निघतात. मोगऱ्याच्या मोसमात कळ्या किलोनं घेऊन घरी ओवले तर तयार गजऱ्यांपेक्षा खूप स्वस्त पडतात, पण त्यासाठी ओवणाऱ्या पाच-सहा बायका हव्यात. त्या नसतील तर नगावर घ्या आणि फुलवालीला चार दिवस आधी सांगून ठेवा. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. मुहूर्त सकाळचा असेल तर गजरा मोत्यांच्या सरासारखा मिटलेलाच राहील. त्यात फसवणूक झाली असं समजून फुलवालीशी भांडू नका. गोरज मुहूर्ताला तोच गजरा फुलतो.

कोकणातल्या मंडळींना मी काय सांगणार! वेंगुर्ला-सावंतवाडीकडे आबोली आहे, उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरंगीचे वळेसर आहेत. मुंबईहून गावच्या लग्नासाठी येणाऱ्यांनी दादरचे गुलाब बर्फाच्या पेटीत घालून आणावेत आणि दारात सुरंगीवाली बसलेली असावी, हे मी पाहिलंय.

महिना बघून फूल ठरवा

नवरा-नवरीनं आधी रंग ठरवायचा आणि मग त्या रंगाचं फूल शोधायचं, हा खर्च वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आधी तारीख बघा, त्या महिन्यात बाजारात कशाची रेलचेल असते ते बघा, मग त्यातून रंग निवडा.

तुळशीच्या लग्नानंतर मोसम सुरू होतो. दसरा-दिवाळीत आकाशाला भिडलेला झेंडू तोपर्यंत खाली आलेला असतो, कारण सणासाठी धरलेला माल नंतरही शेतात येतच राहतो. थंडीत शेवंती भरपूर, ॲस्टर आणि ग्लॅडिओलसही चांगला. मार्गशीर्षातले गुरुवार मात्र टाळता आले तर टाळा. महालक्ष्मीच्या व्रतामुळे त्या दिवशी आणि आदल्या दिवशी फुलं, वेण्या, आंब्याचे डहाळे सगळंच चढतं. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा गुलाबासाठी वाईट. मावळातल्या हरितगृहांमधला गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात आणि मोठ्या शहरांत जातो, आणि इथे उरलेल्याचा भाव चढतो. त्या दिवसांत लग्न असेल तर गुलाबाचं नावच काढू नका, शेवंती घ्या. चैत्र-वैशाखात मोगरा भरात असतो, पण झेंडूला ऊन मानवत नाही. फूल बारीक होतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. उन्हाळ्यातल्या लग्नात झेंडू कमी आणि हिरवा पाला जास्त, हे धोरण ठेवा.

दाट मुहूर्ताच्या दिवशी, विशेषतः अक्षय तृतीयेच्या आगेमागे, सगळंच महाग असतं. तारीख ठरवताना गुरुजींनी तीन दिल्या असतील, तर त्यातली कमी गर्दीची घ्या. हॉल, आचारी आणि फुलं, तिन्हीकडे फरक पडतो.

माघ-फाल्गुनात सोलापूर-मराठवाड्याकडे लग्न असेल तर माझा एक हट्ट आहे: ज्वारीची कणसं वापरा. आठ-दहा कणसांचा ताटासकट झुपका बांधून मांडवाच्या खांबांना लावला, मध्ये झेंडूची एक माळ गुंडाळली, की त्यापुढे ग्लॅडिओलस फिका पडतो. ओळखीच्या शेतकऱ्याला मोबदला द्या, तो आनंदानं देतो. लग्नानंतर ते झुपके अंगणात टांगले की चिमण्यांची सोय होते.

बाजार

मुंबईकरांसाठी दादर स्टेशनच्या पश्चिमेची मीनाताई ठाकरे फूल मंडई, पुणेकरांसाठी गुलटेकडीचा मार्केट यार्ड. दोन्ही ठिकाणी खरा व्यवहार उजाडायच्या आधी सुरू होतो. आठ वाजता चहा पिऊन निघालात तर तुम्हाला उरलेलं आणि हाताळलेलं मिळेल. दादरला पहाटे वसई-पालघरकडून लोकलनं टोपल्या घेऊन येणारे शेतकरी दिसतील. त्यांच्याकडचा मोगरा आणि चाफा रात्रीच्या कळ्यांचा असतो.

लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी एकदा रिकाम्या हातानं जाऊन या. कोणता गाळा कोणत्या फुलाचा, हे कळतं, आणि दोन व्यापाऱ्यांशी तोंडओळख होते. पुण्यातल्या वर्तमानपत्रांत सोमवारी रविवारच्या बाजाराचे भाव येतात, त्यात फुलांचाही चौकोन असतो. तीन-चार सोमवार तो कापून ठेवा. मग गल्लीतला फुलवाला "आज माल महाग आहे" म्हणाला तर खरं की खोटं ते कळतं. खरं असलं तर मुकाट्यानं द्यायचे.

मोजमापाची भाषा आधी समजून घ्या, नाहीतर गोंधळ होतो. झेंडू, शेवंती, सुटा ॲस्टर आणि सुटी गुलछडी किलोवर. गुलछडी म्हणजे आपला निशिगंध, पुण्याच्या बाजारात त्याला हेच नाव. त्याच्या लांब दांड्या हव्या असतील तर ‘काडी’ म्हणायचं, ती जुडीवर मिळते. साधा गुलाब गड्डीवर, लांब दांड्याचा डच गुलाब वीस नगांच्या बंडलावर, जरबेरा दहाच्या जुडीवर. पाल्यासाठी कामिनीची जुडी मागा. आंब्याचे टाळे, अशोकाची पानं आणि केळीचे खांब वेगळ्या बायका घेऊन बसतात. त्यांच्याशी भाव करू नका, फार घासाघीस करावी असे पैसेच नसतात त्यात.

दोन फुलं आणि एक पान, एवढ्यातच बसा. झेंडू, निशिगंध, आंबा. किंवा पांढरी शेवंती, लाल गुलाब, कामिनी. पाच-सहा प्रकार घेतले तर प्रत्येकाची निदान एक जुडी घ्यावी लागते, प्रत्येकाचं थोडं उरतं आणि मांडव फुलांच्या दुकानासारखा दिसतो. शिवाय ओवणाऱ्यांना सारखं विचारावं लागतं, "आता यानंतर काय घालू?"

किलोचं गणित

टपोऱ्या झेंडूच्या किलोत साधारण शंभर-सव्वाशे फुलं येतात, बारीक असला तर जास्त. मधोमध सुई घालून फूल फुलाला टेकवून ओवलं तर एका किलोची माळ दहा ते बारा फूट होते. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या गावच्या बाजारातून एक किलो आणा, ओवा आणि टेप लावा. तो आकडा घेऊन मगच हिशेब करा.

सहा फुटी दाराला वरचं तोरण आणि दोन्ही बाजूंना सात-सात फुटांच्या माळा, म्हणजे वीस फूट. दोन किलो. आता स्टेजच्या मागे पाच-पाच फुटांच्या पंधरा माळा सोडायच्या म्हटलं तर पंचाहत्तर फूट होतात, आणि गच्च ओवलं तर सात किलो लागतात. पण मागच्या माळा कुणी जवळून बघत नाही. तिथे एक फूल, मग थोडं अंतर सोडून दोन आंब्याची पानं, पुन्हा फूल असं ओवा. फूल घसरू नये म्हणून खाली दोऱ्याची साधी गाठ मारायची. फुटाला दहाऐवजी चार फुलं लागतात, तेच काम अडीच-तीन किलोत होतं. आणि खरं सांगू? विरळ माळा वाऱ्यानं हलतात, गच्च माळा दोरखंडासारख्या लोंबतात. स्वस्त म्हणून नाही, मला त्या विरळच आवडतात.

स्टेज तीस फुटांचं असेल तर तीस फूट सजवायची सक्ती नाही. लग्न मधल्या दहा-बारा फुटांत लागतं आणि फोटोग्राफरचा कॅमेराही तिथेच रोखलेला असतो. मधला भाग सजवा, दोन्ही कडांना केळीचे खांब उभे करा आणि कडांचे दिवे बंद ठेवा. अंधार फुकट आहे.

रांगोळीसाठी आणि घंगाळासाठी चांगली फुलं तोडू नका. बाजार उठताना मार लागलेली, सुटी झालेली फुलं अर्ध्या भावात देतात, ती पाकळ्यांना चालतात. पितळी घंगाळात पाणी भरून वर पाकळ्या आणि चार तेलाच्या पणत्या तरंगत ठेवल्या की दारातल्या महागड्या कारंज्याची गरज राहत नाही. घंगाळ प्रत्येकाच्या माळ्यावर एक तरी असतंच. चिंचेनं घासायला मात्र दोन दिवस आधी काढा.

अक्षतांसाठीही पाकळ्यांचा विचार करा. आज सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांत तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकतात. जोतीराव फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे, फुलांच्या व्यवसायावरून फुले झालं. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि कमी खर्चातल्या लग्नांचा पायंडा पाडला. घरातल्या मोठ्यांना तांदूळ हवेच असतील तर गुरुजी आणि जवळच्या पाच-दहा माणसांच्या हातात तांदूळ द्या, बाकी हॉलला पाकळ्या. किलो-दीड किलोत दोनशे माणसांच्या ओंजळी भरतात, आणि नंतर पायाखाली तांदूळ तुडवला जात नाही.

फुलं टिकवणं

माझी पहिली चूक इथे झाली. चुलतभावाच्या लग्नाला आठ किलो झेंडू आदल्या दुपारी आणला, ताजा राहावा म्हणून वर पाणी शिंपडलं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवला. रात्री पिशवी सोडून हात घातला तर आतून गरम लागला. निम्मी फुलं काळी पडून त्यांचा चिखल झाला होता. झेंडूला पाणी लावायचं नाही, हा धडा त्या रात्री मिळाला. आणला की लगेच गोणपाटावर किंवा वर्तमानपत्रावर पातळ पसरायचा, सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्याखाली नाही. चार-पाच फुलांपेक्षा जास्त थर नको.

मोगऱ्याच्या कळ्या ओलसर मलमलच्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या खणात. गजरे केळीच्या सोपटात ओवले तर दोऱ्यापेक्षा जास्त वेळ ताजे राहतात, आणि सोपट मऊ असल्यानं कळ्या चिरत नाहीत. दांड्याची फुलं आली की दांड्याचं टोक तिरकं कापून तीन-चार तास गळ्यापर्यंत गार पाण्यात, अंधाऱ्या जागी ठेवायची. जरबेरा याला अपवाद आहे. त्याचा दांडा मऊ असतो, खोल पाण्यात सडतो. त्याला चार बोटं पाणी पुरे. मान वाकत असेल तर दांड्याला सरबताची नळी घाला. जरबेरा मला मनापासून आवडत नाही, वास नाही आणि स्वभावही नाही, पण भाचीला हवा होता.

दुसरी चूक दिव्यांची. जुन्या हॅलोजनच्या झोतासमोर टांगलेला निशिगंध दीड तासात तपकिरी झाला. एलईडीच लावा, पिवळसर प्रकाशाचे. पांढऱ्याफटक दिव्यात हळदीची नवरीही आजारी दिसते.

बंद एसी हॉलमध्ये निशिगंधाच्या काड्या फार ठेवू नका. काही जणांचं डोकं चढतं.

वेळापत्रक असं ठेवा: तीन दिवस आधी कापड आणि दिवे लावून बघायचे, आदल्या पहाटे बाजार, आदल्या दुपारी ओवायला बसायचं. आमच्याकडे सात बायका आणि तीन पोरं अडीच तासांत मोकळी झाली. हाराची लांब सुई प्रत्येकीला एक हवी, चार सुया जास्त आणा, हरवतातच. दोरा तिपेडी. चहा दोनदा, आणि ओवताना मोबाइलला हात लावायचा नाही, एवढे दोनच नियम.

कापड, पितळ, बांबू

फुलांच्या मागे काय आहे, यावर निम्मी शोभा ठरते. भाड्याचे सॅटिनचे पडदे बघून डोळे विटले असतील तर घरातल्या जुन्या साड्या काढा. इरकल, नारायणपेठ, काठाची जुनी नऊवारी. नऊवारी तर नऊ वार लांबच असते, एकीनं स्टेजच्या मागचा अर्धा भाग झाकतो. काठ उभा येईल अशा घड्या घालून वरच्या पाइपाला सेफ्टी पिननं नाही, कपड्याच्या चिमट्यांनी लावायच्या. पिनेचं भोक पडलं की घरात वर्षभर ऐकावं लागतं. आमच्या मागच्या पडद्यात आजीची लिंबू रंगाची नऊवारी होती. आलेल्या प्रत्येक म्हातारीनं ती ओळखली, आणि स्टेजवर कोणतं फूल आहे हे कुणी विचारलंच नाही.

खणाचं कापड वारावर मिळतं. दीड वार घेतलं तर त्याच्या पट्ट्या कापून खांबांना गुंडाळता येतात, नंतर त्यांच्या पिशव्या शिवता येतात. बुरूड आळीतून चार परड्या, दोन सुपं आणि एक मोठी टोपली आणा. सूप भिंतीला टेकवून त्यावर शेवंतीची गोल माळ, टोपलीत गजरे, परडीत पाकळ्या. सगळं मिळून एका सेल्फी पॉइंटच्या भाड्याच्या आत बसतं, आणि घरी परत येतं.

वाटेच्या दोन्ही बाजूंना फुलदाण्या भाड्यानं घेण्याऐवजी रोपवाटिकेतून शेवंतीच्या किंवा तुळशीच्या छोट्या कुंड्या आणा. लग्न झालं की त्याच पाहुण्यांना भेट द्या. सजावट आणि आहेर एका खर्चात. पंचवीस-तीस कुंड्या पुरे, सगळ्यांना नाही, घरच्या जवळच्यांना.

थर्माकोलची अक्षरं आणि कमळं कुणी दाखवली तर नाही म्हणा. मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी ती गोदामांतून निघतातच. प्लास्टिकच्या फुलांबद्दल माझं म्हणणं एवढंच, की दहा फुटांवरून ती चालतात आणि दोन फुटांवर उघडी पडतात. लावायचीच असतील तर उंचावर लावा. पण पुरंदर, दौंडकडचा शेतकरी झेंडू रस्त्यावर ओतून देतो त्या दिवशी भाड्यानं प्लास्टिकचा झेंडू लावणं मला पटत नाही.

डेकोरेटर घ्यायचाच असेल तर

माणसं नसतील, मुलं परदेशातून दोन दिवसांसाठी येणार असतील, तर डेकोरेटर लागतोच. त्याला मोबाइलवरचे फोटो दाखवू नका. फोटोतली फुलं कुठल्या देशातली, कुठल्या महिन्यातली ते आपल्याला माहीत नसतं, आणि फोटो दाखवला की आकडा वर जातो. त्याऐवजी माप सांगा: "मागची बाजू बारा बाय आठ, झेंडू आणि निशिगंध, पाला आंब्याचा." मग विचारा, ताजी फुलं किती किलो, कुठली आणि कुठे कुठे. पुष्कळदा ‘फ्रेश’ म्हणजे पुढची एक रांग ताजी आणि मागे सगळी कापडी. त्यात गैर काही नाही, पण पैसे त्या हिशेबानं द्यायचे. फुलं, सांगाडा, दिवे, मजुरी आणि वाहतूक असे पाच आकडे वेगळे लिहून घ्या. लिहून देत नसेल तर दुसऱ्याकडे जा. हार आणि गजरे त्याच्याकडे देऊ नका, तो ते बाजारातूनच आणून वर आपला नफा धरतो.

गाडीला बॉनेटवर एक हार आणि दोन्ही दारांना एकेक गोंडा. टेपनं रंगावर डाग पडतात, दोऱ्यानं बांधा.

शेवटचं. हे सगळं बघणारं माणूस मुलीची किंवा मुलाची आई नसावी. तिला त्या दिवशी साडी नेसायची असते, पाहुण्यांची नावं आठवायची असतात आणि रडायचंही असतं. पहाटे चारला मार्केट यार्डात जायचं काम मावशीला द्या, आत्याला द्या, नाहीतर ज्याला कुणी विचारत नाही अशा उत्साही काकांना द्या. आणि त्यांना सांगा, दोन गोणपाटं, एक लांब दोरी आणि स्वतःच्या पिशव्या घेऊन जा. झेंडू प्लास्टिकमध्ये आणू नका.